एका वाक्यासाठी मेहकरला

मी वापरपुस्तिका लिहिते. एखादं यंत्र विकत आणलं की खोक्याच्या तळाशी घडी घातलेलं जे पुस्तक सापडतं आणि जे आपण न उघडताच पुन्हा खोक्यात टाकतो, ते लिहिण्याचा मला पगार मिळतो. हे सांगितल्यावर लोक "अच्छा" म्हणतात आणि विषय बदलतात. माझ्या सासूबाई तर अजूनही मी "कॉम्प्युटरमध्ये" आहे एवढंच सांगतात.

पुण्यातली आमची कंपनी श्रवणयंत्रं बनवते. माझे दिवस साधारण सारखे जातात. इंजिनियर शेवटच्या क्षणी बटणाची जागा बदलतात आणि मला सांगायचं विसरतात. मग सगळी चित्रं पुन्हा काढायची. मजकूर तपासायला पाठवला की "ठीक आहे" एवढंच उत्तर येतं आणि त्यावरून कळतं की कोणी वाचलेला नाही. पूर्वी आमचा गट मोठा होता. हल्ली इंग्रजीचं मराठी मशीनच करून देतं आणि मला सांगतात, "तू फक्त नजर फिरव." इतक्या वर्षांत आमचं यंत्र कानात घातलेला माणूस मी एकदाही समोरून पाहिला नव्हता. "मला एकदा पाठवा" असं प्रत्येक साहेबाला विचारून झालं होतं. "तुला कशाला? विक्रीची माणसं जातातच की," हे उत्तर ठरलेलं.

या हिवाळ्यात मराठी पुस्तिकेची नवी आवृत्ती निघायची होती आणि साहेबही नवे होते. त्यांना हा रिवाज माहीत नसावा. "जाऊन ये," म्हणाले. मी विदर्भ-मराठवाड्यातल्या आमच्या केंद्रांना निरोप धाडले. उत्तर आलं एकट्या मेहकरहून, गणेशभाऊंचं: "या मॅडम. थंडी हाय, तुरीचे सोले खाले या."

मेहकर

जालना मागे पडलं की जमीन पसरत जाते. काळी रानं, मध्येच उभी तूर, आणि तिच्या पायाशी घोट्याएवढा हरभरा. पुण्याकडे डोंगर सतत कुठे ना कुठे आडवा येतो. इथे नजर अडवायला काही नाही. मेहकरच्या स्टँडवर उतरले तेव्हा उन्हं कलली होती आणि हवेत मिरचीभज्यांचा वास होता.

गणेशभाऊंचं केंद्र औषधाच्या दुकानाच्या माडीवर. दोन खोल्या, कान तपासायची एक काचेची पेटी, भिंतीवर कानाचं भलंमोठं चित्र. माणूस धिप्पाड आणि आवाज खणखणीत. दिवसभर कमी ऐकू येणाऱ्यांशी बोलून तो आवाज चढला तो चढलाच; माझ्याशीही ते रस्त्यापलीकडच्याला हाक मारावी तसेच बोलत होते.

"म्हंजे ते पुस्तक तुमी लिहिता?" त्यांनी विचारलं.

"हो."

"काय सांगता! म्या तं समजलो, ते छापूनच येते."

मी हसले, पण खरं तर त्यांचं काही चुकलं नव्हतं. त्यावर नाव नसतं कुणाचं.

उद्या कोणाकोणाला भेटायचं ते ठरवून आम्ही खाली शेजारच्या हॉटेलात चहाला गेलो. गणेशभाऊंनी खिशातून दाखवायच्या यंत्रांची जोडी काढली आणि म्हणाले, "घाला. लिहिता तं घालूनबी पाहा." इतकी वर्षं मी ज्याच्यावर लिहीत आले ते यंत्र पहिल्यांदा माझ्या कानात गेलं.

मी दचकून टेबल धरलं. मागे कोणीतरी स्टीलचे पेले टोपल्यात टाकत होतं, ते माझ्या डोक्यातच पडत असावेत असं वाटलं. भज्यांचं तेल, पंख्याची करकर, स्टँडवरच्या गाड्यांचे हॉर्न, कोपऱ्यातल्या माणसाचं वर्तमानपत्र उलटणं, सगळं एकाच आवाजात आणि एकाच अंतरावर. समोर गणेशभाऊंचे ओठ हलत होते आणि त्यांचंच बोलणं तेवढं त्या गोंगाटात हरवलं होतं. मी यंत्र काढून हातात घेतलं.

"काढावं वाटलं ना?" ते म्हणाले. "सगळ्यायले तसंच वाटते. सवय होईपर्यंत धीर धरा लागते. म्या सांगतो सगळ्यायले, पण लोकं घरी जातात अन् डबीत ठेवून देतात."

आमच्या पुस्तिकेत यासाठी एक ओळ होती: "प्रारंभिक कालावधीत किंचित अस्वस्थता संभवते."

डोणगाव

सकाळी गणेशभाऊंच्या मोटरसायकलवर निघालो. थंडीनं माझी बोटं आखडली होती. रस्त्याच्या कडेला पोरं शेकोटी करून बसली होती, आणि एका वळणावर कुत्र्यांनी असा पाठलाग केला की मी पाय वर घेऊन ओरडले. गणेशभाऊंना त्याचं फार हसू आलं. पुढे भेटेल त्याला ते सांगत होते, "पुण्याच्या मॅडम, कुत्र्याले भेतात."

डोणगावचे विठ्ठलकाका एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. दारातच खुर्ची टाकून बसले होते, कानात यंत्र, गळ्यात मफलर. त्यांनी माझं स्वागत "या, पुढं सरका, पुढं सरका," असं केलं. मी पुस्तिकेबद्दल विचारलं तर त्यांनी आतून खोकं आणवलं. पुस्तिका प्लास्टिकच्या पिशवीत, आमच्या कारखान्यातून निघाली तशी.

"उघडली नाही तुम्ही, काका?"

"ते तं मशीन बिघडल्यावर उघडाचं असते ना, मॅडम. आता बिघडली नाई तं काऊन उघडू?"

काका यंत्र कधी घालतात हेही त्यांनी मोकळेपणानं सांगितलं: बातम्यांना आणि जावई आल्यावर. काकू बोलू लागल्या की काढतात. हे ते काकूंसमोरच म्हणाले आणि काकूंनी, "म्हणू द्या, मीबी मग हळूच बोलतो, त्यायले कळू नाई म्हणून," असं म्हणत ताटं मांडायला घेतली.

जेवण मी विसरणार नाही. तुरीच्या हिरव्या सोल्यांची उसळ, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा आणि वर कच्चं तेल. आमच्याकडे पाहुण्याला "थोडं वाढू का?" असं विचारतात आणि पाहुणा "नको" म्हणाला की थांबतात. काकूंनी मला काही विचारलंच नाही. भाकरी संपायच्या आत दुसरी येत होती. गणेशभाऊ म्हणाले, "ताटावर हात धरा, नाई तं सुटका नाई." धरला, तर काकूंनी हातावरच वाढायची तयारी दाखवली.

काकांच्या सगळ्या गप्पा मी फोनवर ध्वनिमुद्रित केल्या होत्या. नंतर ऐकल्या तर शेजारच्या गिरणीची घरघर सोडून त्यात काही नव्हतं. मात्र ते एकच वाक्य ध्वनिमुद्रणाशिवायही डोक्यात बसलं होतं. बिघडल्यावर उघडायचं असतं. कोणी वाचत नाही हे मला ठाऊकच होतं; ते इतक्या प्रेमानं आणि इतकं खाऊ घालून मला कोणी सांगितलं नव्हतं.

जानेफळ

दुपारनंतर जानेफळला पोचलो. गणेशभाऊ वाटेतच म्हणाले होते, "कुसुमताईचं मले समजत नाई. चांगली मशीन, कानाचं माप बराबर. पण अंगणवाडीत घालतच नाईत. विचारलं तं सांगत नाईत."

कुसुमताई वानखडे पन्नाशीच्या. विहाराच्या मागे त्यांचं घर, अंगण तुळतुळीत सारवलेलं, कडेला वांगी आणि मेथीचे वाफे. नवरा, शंकरराव, वायरमन. आम्ही पोचलो तेव्हा ताई मागच्या दारी पाठमोऱ्या कपडे वाळत घालत होत्या. शंकररावांनी हाक मारली नाही. त्यांनी ओट्यावरच्या दिव्याचं बटण दोनदा वरखाली केलं. मागच्या भिंतीवर उजेड लुकलुकला आणि ताई वळल्या. बोलावणं आलं की दिवा लुकलुकतो, अशी त्या घरातली पद्धत होती. वायरिंग त्यांनी स्वतः मुद्दाम केलेलं.

त्यांनी घाईनं हात पदराला पुसले, फळीवरची डबी काढली, यंत्र कानात घातलं आणि मगच म्हणाल्या, "बोला आता."

गावातली अंगणवाडी त्या कित्येक वर्षं चालवतात. त्यांच्या हाताखालून गेलेल्या पोरांची आता पोरं येतात. कान हळूहळू गेले. आधी फोन समजेना, मग विहारातल्या वंदनेचा सूर पकडता येईना, मग लेकरांचं बोलणं. आया आपसात बोलू लागल्या की बाईंना ऐकू येत नाही, पोराला लागलं-खुपलं तर कळणार कसं. दोघी-तिघींनी पोरं खाजगी बालवाडीत घातली.

"हे साल झालं की सोडतो म्हणून ह्यायले सांगून ठेवलं म्या," त्या म्हणाल्या. शंकरराव तिकडे वाफ्याकडे बघत बसले.

"पण ताई, मशीन असताना?" मी विचारलं. "अंगणवाडीत घालत का नाही?"

त्यांनी माझ्याकडे जरा आश्चर्यानंच पाहिलं. मग उठून आत गेल्या आणि आमची पुस्तिका घेऊन आल्या. घड्यांवर झिजलेली, कोपरे मऊ झालेली. वाचलेली. मी जन्मात पहिल्यांदा आमची वाचलेली पुस्तिका पाहत होते. ताईंनी ती उलगडली आणि काळ्या चौकटीतल्या ठळक ओळीवर बोट ठेवलं.

"हे यंत्र लहान मुलांपासून दूर ठेवा."

"दिवसभर लेकरांतच असतो ना मी," त्या म्हणाल्या. "मंग काढूनच जातो. त्यायच्या जिवाले काई झालं तं?"

ती ओळ आमच्या सगळ्या पुस्तिकांत असते. यंत्राचा सेल गोळीएवढा लहान असतो. मुलानं गिळला तर जिवावर बेततं, म्हणून. सगळ्या भाषांत, सगळ्या यंत्रांवर तीच चौकट, कोणी कधी लिहिली हे कंपनीत कोणाला आठवत नाही. आणि ही बाई रोज सकाळी, लेकरं यायच्या आधी, त्यांच्या काळजीपोटी कानातलं काढून डबीत ठेवत होती.

गणेशभाऊ कळवळून म्हणाले, "अहो ताई, म्या तुमाले पहिल्याच दिवशी सांगतलं होतं ना, कुठंबी घाला म्हणून!"

"सांगतलं असन भाऊ," कुसुमताई शांतपणे म्हणाल्या. "पण मले ऐकू कुठं येत होतं? म्हणून तं वाचलं."

मी त्यांना सेल काढून दाखवला, तो गिळण्याचा धोका सांगितला, यंत्र कानात असेल तर मुलांना काही होत नाही हे पुन्हापुन्हा सांगितलं. त्या ऐकत होत्या, पण नजर सारखी चौकटीकडे जात होती. छापलेलं खोटं कसं म्हणायचं, असं त्यांना वाटत असावं. शेवटी म्हणाल्या, "तुमीच लिहिता ना हे? मंग उद्या तुमी संगं या. तुमच्यासमोर घालतो."

गणेशभाऊ मेहकरला परतले आणि मी तिथेच राहिले.

उजेड होता तोवर मी हरभऱ्याच्या रानाच्या कडेला जाऊन पुण्याला फोन लावला. अश्विनी आमच्याकडे नियम आणि परवानग्यांचं काम बघते. काटेकोर बाई, पण मनानं सरळ. मी सगळं सांगितलं.

"इशाऱ्याची वाक्यं आपण बदलू शकत नाही, तुला माहितीय," ती म्हणाली. "सगळ्या भाषांत एकच मजकूर मंजूर झालाय. आणि फाइल या आठवड्यात छपाईला जायचीय."

"मला माहितीय. पण मराठीत त्याचा अर्थ वेगळा लागतोय."

"एका व्यक्तीला लागला."

"एकीनं वाचलं, अश्विनी. बाकीच्यांनी पिशवीच उघडलेली नाही."

रानात कुठेतरी मोटर सुरू झाली आणि सरीतून पाणी पुढे येताना दिसू लागलं.

"ती बाई आता काय करतेय?" अश्विनीनं विचारलं.

"मेथी निवडतेय. मला जेवायला घालायचंय म्हणून."

"मला नेमकं काय हवंय ते लिहून पाठव," ती म्हणाली. "वचन देत नाही."

ओट्यावर ताईंच्या शेजारी बसून मी मेथी निवडली आणि मध्येमध्ये फोनवर वाक्यं लिहिली, खोडली. आठवडाभर टेबलाशी बसून जमलं नसतं ते तिथे पटकन जमत होतं, कारण वाचणारी बाजूलाच होती. "हे समजलं का?" असं विचारायचं आणि तिच्या कपाळाकडे पाहायचं, इतकं सोपं.

अंगणवाडी

सकाळी ताईंनी घरूनच यंत्र घातलं, पण डोक्यावरून पदर ओढून घेतला. अंगणवाडीची एकच खोली. भिंतींवर फळं, प्राणी, अक्षरं. मदतनीस शांताबाईंनी खिचडीचं पातेलं चढवलं होतं. लेकरं येऊ लागली आणि खोलीत जो कल्ला उठला, त्यात ताईंनी डोळे मिटून घेतले. कुणीतरी ताटली वाजवली आणि त्यांचा हात कानाकडे गेला.

"थांबा," मी म्हणाले. मेहकरच्या हॉटेलात पेले माझ्या डोक्यात पडले होते ते आठवलं. यंत्राच्या मागे इवलं बटण असतं. ते जरा वेळ दाबून धरलं की गोंगाटासाठीची वेगळी सोय चालू होते. पुस्तिकेत ते "ध्वनिप्रारूप परिवर्तन" या मथळ्याखाली होतं. "हे दाबून धरा. टुक असं वाजलं की सोडा."

त्यांनी दाबलं. थोड्या वेळानं खांदे सैल झाले. "आता बरं हाय," त्या म्हणाल्या. "भांडी दूर गेली."

सगळी लेकरं बसली तरी दारात एक मुलगी उभीच होती. निळा स्वेटर, दोन घट्ट वेण्या, चपला हातात. शांताबाई मला हळूच म्हणाल्या, "ते आरोही. रोजच असं करते. आत येतच नाई, मंग ताईच हाताले धरून आणते. बोलतबी नाई काई." तिच्या आईला ताईंनी दोनदा सांगितलं होतं की पोरीला डॉक्टरला दाखव. आई म्हणायची, घरी तं बोलते.

ताई तिला आणायला नेहमीसारख्या उठल्या. दाराशी पोचायच्या आधीच थबकल्या.

मुलगी काहीतरी पुटपुटली होती. मला दोन हातांवर असूनही नीट ऐकू आलं नव्हतं.

"काय म्हनलीस, माय?" ताईंनी विचारलं.

आरोहीनं मान खाली घातली आणि पुन्हा तेवढ्याच आवाजात म्हणाली, "बाई, मी आली."

कुसुमताईंनी दाराची चौकट धरली. रोज सकाळी हे लेकरू दारात उभं राहून आपण आल्याचं सांगत होतं आणि कोणी "ये" म्हणेल म्हणून थांबत होतं.

"आली का?" ताई म्हणाल्या. "ये माय. ये. मी तुह्यीच वाट पाहून राह्यली होती."

आरोही आत आली. चपला नीट जोडीनं ठेवल्या आणि कुणी हात न धरता आपल्या जागेवर जाऊन बसली. ताईंनी डोक्यावरचा पदर मागे सरकवला. मग एक एक पोर त्यांच्या कानातलं बघायला पुढे आलं, आणि त्या प्रत्येकाला वाकून दाखवत होत्या. "हे कानाचा चष्मा हाय. हात नाई लावाचा."

मी खिचडी खाल्ली. पिवळी, जरा जास्त शिजलेली, वर थोडं मीठ कमी. तिसऱ्यांदा मागून घेतली.

परत

गणेशभाऊ मला स्टँडवर सोडायला आले. त्यांनी सोल्यांची एक पिशवी हातात कोंबली आणि खणखणीत आवाजात, सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असं सांगितलं, "आता गिऱ्हाइकाले सांगीन, पुस्तकवाल्या मॅडम आमच्या वळखीच्या हायत!"

पुण्यात आल्यावर अश्विनीशी दोन दिवस वाद झाला. चौकट काढता येणार नाही, हे तिचं शेवटपर्यंत टिकलं. पण चौकटीत यंत्राच्या जागी सेल आला, आणि खाली साध्या अक्षरांत दोन नवी वाक्यं आली. ती मंजूर करून घेण्यासाठी अश्विनी स्वतः वर जाऊन भांडली, हे मला नंतर दुसऱ्याकडून कळलं.

"सेल लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. गिळल्यास जिवाला धोका आहे. यंत्र कानात घालून मुलांमध्ये खुशाल वावरा."

छपाईच्या आधी मी तो मजकूर शंकररावांच्या फोनवर पाठवला. संध्याकाळी फोन आला. कुसुमताई स्वतः बोलत होत्या. फोनवर.

"मॅडम, वाचलं. समजते आता. पण एक सांगू का? राग नका मानू."

"सांगा ना."

"'मुलांच्या' काऊन लिहिलं? पोरींच्या हाती लागलं तं चालते का?" आणि त्या खळखळून हसल्या. "लेकरांच्या लिहा. आमी लेकरंच म्हणतो. त्यात सारे येतात."

मी तशी दुरुस्ती करून फाइल पाठवली. अश्विनीचं लगेच उत्तर आलं: "लेकरू हा शब्द आपल्या शब्दसूचीत नाही."

मी लिहिलं, "माहितीय. घालून टाक."

मी बॅग आवरली, पाण्याची बाटली भरली, दिवे बंद करायला उठले तेव्हा पडद्यावर तिची एक ओळ आली होती.

"घातला."